मलमाची मात्रा

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला, आणि सरकारी दफ्तरात आता अहिल्यानगर या नावाने नोंदला जाणारा नगर जिल्हा हवामानाच्या दृष्टीने एक जिल्हा नव्हेच. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस, मध्यावर प्रवरा आणि गोदावरी यांच्या कालव्यांनी भिजवलेली कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर व राहुरी येथील उसाची शिवारे, आणि पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी, जामखेड, कर्जत या तालुक्यांतील पर्जन्यछायेतले उघडे माळ, अशी याची तीन अंगे आहेत. आणि या तिन्ही अंगांत माणसाची त्वचा निरनिराळ्या रीतीने गांजली जाते. ओल्या मुलखात नायटा माजतो, कोरड्या मुलखात टाचांना भेगा पडतात व इसब चिघळते, आणि जेथे दहा माणसे एका छपराखाली निजतात तेथे खरूज घर करते.

दिवाळी सरली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे मुकादमाची उचल अंगावर घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या रानात उतरतात. पहाटेच्या अंधारात कोयता चालू लागल्यापासून उसाचे धारदार पान हातापायांवर ओरखडे काढीत राहते, पाचटाची बारीक कुसळे घामात रुततात, मोळी वाहताना मानेवरचा घाम पाठीवरून ओघळत परकराच्या वा विजारीच्या नाडीखाली साचतो, आणि रात्री कोपीत परतल्यावर अंघोळीस पुरेसे पाणी नसल्यामुळे तो तेथेच वाळतो. एकच पंचा साऱ्या घराला पुरवावा लागतो. कंबरेच्या पट्ट्यात, जांघेत, काखेत तांबूस वर्तुळे उठतात, रात्रभर खाज झोपू देत नाही; परंतु डॉक्टरकडे जावे तर कामाचा खाडा पडतो. म्हणून बाजाराच्या दिवशी कोणीतरी मेडिकलमधून एक ट्यूब घेऊन येतो. ती लावल्यानंतरचा अनुभव मात्र चौदाही तालुक्यांत एकाच वाक्यात सांगितला जातो: ‘‘लावली की दोन दिवसांत बसतं, सोडली की परत उठतं.’’ या वाक्यामागचे कारण ज्याला नीट समजले त्याला मलम या औषधाचे निम्मे शास्त्र समजले, असे म्हणावयास हरकत नाही.

मलम म्हणजे वरवरचे औषध, त्याने फार तर गुण येणार नाही पण अपाय होणार नाही, अशी जी समजूत सर्वत्र रूढ आहे तिच्यातच पहिला दोष आहे. प्रौढ माणसाच्या अंगावरील त्वचा पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरेल. तिचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असून, विटांच्या भिंतीत चुना भरावा तसा स्निग्ध पदार्थ त्या पेशींच्या सांध्यांत भरलेला असतो. बहुतेक अंगावर हा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही पातळ असतो. बाहेरचे विष आत जाऊ न देणे आणि आतले पाणी बाहेर जाऊ न देणे हे त्याचे काम. मलमाला याच भिंतीतून वाट काढावी लागते, आणि ही वाट शरीरावर सर्वत्र सारखी नाही. फेल्डमन आणि मायबाख या शास्त्रज्ञांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोन हे औषध माणसाच्या शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून ते किती शोषले जाते याचे मापन केले. हाताच्या कोपरापुढील भागातून जितके औषध आत जाते ते एक मानले, तर तळपायातून त्याचा जेमतेम सातवा हिस्सा, कपाळातून सहापट, जबड्याच्या त्वचेतून तेरापट आणि वृषणाच्या त्वचेतून तब्बल बेचाळीसपट औषध आत शिरते, असे त्यांना आढळले. तळपायाच्या निबर त्वचेसाठी दिलेले जालीम मलम जांघेत किंवा गालावर चोळणे हा केवढा अविचार आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे. लहान मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते, कारण वजनाच्या मानाने त्यांची त्वचा विस्ताराने मोठी असते.

औषध कोणत्या द्रव्यात कालवलेले आहे याला औषधाइतकेच महत्त्व असते. जे ओले आहे ते सुकवावे आणि जे कोरडे आहे ते भिजवावे, हा त्वचावैद्यकातील जुना दंडक आहे. पाणी सुटलेल्या, लसलसत्या जखमेवर तेलकट मलमाचा थर दिला तर ती आतल्या आत चिघळते. तेथे आधी मिठाच्या किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या अगदी फिक्या पाण्याच्या पट्ट्या ठेवून नंतर पातळ क्रीम लावावे. उलट जाड, खवलेदार, भेगाळलेल्या त्वचेला क्रीम पुरत नाही, तिला स्निग्ध मलमच हवे. डोक्यातल्या केसांत लोशन बरे. कोरड्या त्वचेचा सर्वांत स्वस्त इलाज तर बहुतेकांच्या घरात असतो: अंघोळीनंतर अंग पुरते कोरडे होण्यापूर्वी, त्वचेत पाणी असतानाच, त्यावर व्हॅसलीनचा किंवा खोबरेल तेलाचा पातळ थर द्यावा. हिवाळ्यातल्या भेगांना कोकणातून येणारे कोकमाचे तेल गरम करून लावण्याची रीतही चांगलीच आहे. महागड्या डबीतल्या सुगंधी क्रीमने याहून अधिक काही साधते असे मला वाटत नाही.

बाह्योपचाराचा इतका बारीक विचार आपल्याकडे पूर्वी झाला नव्हता असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिसरा अध्याय आरग्वधाच्या, म्हणजे आपल्या बहाव्याच्या, नावाने ओळखला जातो आणि त्यात बत्तीस लेप सांगितले आहेत. सुश्रुताने लेप केसांच्या उलट दिशेने लावावा आणि तो म्हशीच्या ओल्या कातड्याइतका जाड असावा असे सांगितले; शार्ङ्गधराने तर लेपाच्या कार्यानुसार जाडी ठरवून दिली: दोष हरण करणारा पाव अंगुळ, विष हरण करणारा अंगुळाचा तिसरा हिस्सा, आणि वर्ण उजळणारा अर्धा अंगुळ. खुद्द नगर शहरात गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय काढून या विद्येची जी परंपरा उभी केली, ती त्यांच्या नावाने आजही चालू आहे. पावसाळ्यात बांधोबांध उगवणाऱ्या टाकळ्याला ग्रंथांत ‘दद्रुघ्न’, नायट्याचा नाश करणारा, म्हटले आहे. गोव्यामार्गे हिंदुस्थानात येणारी आणि म्हणूनच ‘गोवा पावडर’ म्हणून प्रसिद्ध झालेली ब्राझीलमधील एका वृक्षाची भुकटी एकोणिसाव्या शतकात नायट्यावर वापरीत असत. पुढे तिच्यातील द्रव्य सोरायसिसवरही उपयुक्त ठरले आणि त्याच धाग्याने १९१६ साली डिथ्रॅनॉल हे औषध तयार झाले. असे असले तरी घरगुती म्हणून जे जे चालते ते सर्व निरुपद्रवी नव्हे. बिब्बा उतून अंगभर फोड आलेली, ठेचलेला लसूण बांधून कातडी भाजलेली माणसे आजही दवाखान्यांत येतात. पूर्वाचार्यांचा खरा धडा वनस्पतीइतकाच मापाचा होता, आणि तोच आपण विसरलो.

गंमत नव्हे, अभ्यासाची गोष्ट म्हणून सांगतो की अंगुळाचे, म्हणजे बोटाचे, ते माप आधुनिक वैद्यकाने स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढले. लाँग आणि फिनले या दोघांनी १९९१ साली असे दाखवून दिले की, प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते, आणि ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चेहरा व मान यांना अशा अडीच रेघा, एका बाहूला तीन, छाती व पोट मिळून सात, पाठीला सात, आणि एका पायाला सहा. आता हिशेब करून पाहा. सबंध पायावरच्या इसबाला दिवसातून दोनदा मलम लावावयाचे तर रोज सहा ग्रॅम लागेल आणि पंधरा ग्रॅमची ट्यूब अडीच दिवसांत संपेल. आपल्याकडे मात्र तीच ट्यूब महिनाभर पुरवून ‘गुण आला नाही’ अशी तक्रार केली जाते. याउलट ज्या मलमाला जपून वापरावयाचे ते दिवसातून चार-चार वेळा थापले जाते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मलमाचे नाव लिहिताना किती रेघा, किती वेळा आणि किती दिवस हेही लिहावे, आणि न लिहिल्यास रोग्याने ते विचारून घ्यावे.

आता ‘लावली की बसतं, सोडली की उठतं’ या सुरुवातीच्या वाक्याकडे वळू. १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसबासारख्या विकारांत ते उपकारक ठरते असे सिद्ध केले, तेव्हा त्वचावैद्यकात एक नवे युग सुरू झाले, यात संशय नाही. वर्षानुवर्षे अंग खाजवून रक्तबंबाळ करणाऱ्या रोग्यांना या स्टेरॉइड मलमांनी झोप दिली. त्यानंतर बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल अशी एकाहून एक तीव्र मलमे आली. या सर्वांचे कार्य एकच: त्वचेतील दाह शमविणे. परंतु नायट्यातला लालपणा आणि खाज म्हणजे बुरशीविरुद्ध शरीराने चालविलेल्या झगड्याचे चिन्ह होय. स्टेरॉइडने तो झगडाच थांबतो. दोन दिवसांत खाज बसते, लाली फिकटते, आणि रोगी समाधान पावतो. बुरशी मात्र जिवंत राहून निर्वेधपणे पसरत जाते. औषध सोडताच शरीर पुन्हा जागे होते आणि पूर्वीच्या दुप्पट जागेवर वर्तुळे दिसू लागतात. रोगी पुन्हा तीच ट्यूब आणतो. अशा रीतीने नायट्याचे मूळ रूपच इतके पालटते की तो नायटा म्हणून ओळखू येत नाही. आइव्ह आणि मार्क्स यांनी १९६८ सालीच या छुप्या नायट्याचे वर्णन करून ठेवले होते. आपल्याकडे या संकटात आणखी भर पडली ती मिश्र मलमांची, ज्यांत एकाच ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक असे दोन-तीन, कधी चार पदार्थ कोंबलेले असतात. रोगाचे निदान करण्याचे कष्टच वाचावेत अशा बेताने केलेली ही तजवीज आहे आणि तिने फार नुकसान केले आहे.

या नुकसानीची साक्ष आता जगाच्या शास्त्रीय दफ्तरात नोंदली गेली आहे. भारत आणि नेपाळमधून जपानला गेलेल्या रोग्यांच्या त्वचेत सापडलेल्या एका हट्टी बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव देण्यात आले. टर्बिनाफिन या एरवी खात्रीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत बरा होणारा नायटा आता महिनोन्‌महिने रेंगाळतो, घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि उपचाराचा खर्च हातावर पोट असणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर जातो. त्यातच सततच्या स्टेरॉइडने जांघेतली कातडी कागदासारखी पातळ होऊन तिच्यावर गरोदरपणात पोटावर उठतात तसे रुंद पांढुरके व्रण उठतात, आणि ते पुढे कायमचे राहतात.

चेहऱ्याची कहाणी याहून दुःखदायक आहे. लग्न ठरण्याच्या वयातल्या मुलींना कोणी मैत्रीण, कोणी ब्यूटी पार्लरवाली अशी ट्यूब सुचविते, जिने पंधरा दिवसांत रंग उजळतो. वांगावर मर्यादित काळ, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावण्यासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे जे मिश्रण योजलेले असते, ते गोरेपणाचे क्रीम म्हणून वर्षभर लावले जाते. मग उन्हात पाऊल टाकताच चेहरा भाजल्यासारखा होतो, गालांवर बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागते, पुळ्या येतात, हनुवटीवर लव वाढते, आणि क्रीम थांबविताच सारा चेहरा असा पेटतो की बिचारी मुलगी ते पुन्हा लावते. सावळ्या रंगाला उणेपणा मानणाऱ्या आपल्या समाजाने या मुलींवर केलेला हा अन्याय आहे, आणि त्याचा दोष त्यांच्या अज्ञानावर ढकलणे मला मान्य नाही.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. १९४५ च्या औषध नियमांतील ‘एच’ परिशिष्टात नमूद केलेली औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत; परंतु बाह्योपचाराच्या मलमांना त्यात दीर्घकाळ सवलत होती आणि तिचा आधार घेऊन स्टेरॉइडच्या ट्यूबा खुलेआम विकल्या गेल्या. देशातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सतत पाठपुरावा केल्यानंतर २०१८ साली केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून चौदा स्टेरॉइड मलमे त्या परिशिष्टात घातली. हुकूम निघाला, अंमल व्हावयाचा आहे. रिकामी ट्यूब दाखवून ‘‘हीच द्या’’ म्हटले की तीच मिळते, हा तालुक्याच्या गावातला नित्याचा अनुभव आहे.

नायट्याचा योग्य उपचार कंटाळवाणा असला तरी अवघड नाही. निव्वळ बुरशीनाशक मलम वर्तुळाच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे, आणि त्वचा स्वच्छ दिसू लागल्यानंतरही निदान दोन आठवडे लावीत राहावे. विस्तार मोठा असेल तर डॉक्टर पोटात घ्यावयाच्या गोळ्या देतील. घरातल्या सर्वांची त्वचा एकदम तपासून घ्यावी. पंचा प्रत्येकाचा निराळा असावा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात उलटे वाळवावेत, आणि कंबरेचा करगोटा उपचार चालू असेतो काढून ठेवावा, कारण त्या ओलसर दोऱ्याखाली बुरशी टिकून राहते.

खरजेच्या बाबतीत तर एकट्या रोग्याचा उपचार म्हणजे उपचारच नव्हे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कंबरेला, बेंबीभोवती उठणारे आणि रात्री अधिक खाजणारे पुरळ हे त्वचेत बिळे करून राहणाऱ्या एका सूक्ष्म किड्यामुळे उठते, आणि पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू होण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात; म्हणजे ज्याला अजून खाज नाही तोही किडा बाळगून असतो. परमेथ्रिनचे पाच टक्क्यांचे मलम गळ्यापासून पायाच्या नखांपर्यंत, बेंबी, जांघा, नखांची टोके कोठेही न सोडता, घरातील प्रत्येकाने एकाच रात्री लावावे, आठ ते चौदा तासांनी अंघोळ करावी, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी तेच पुन्हा करावे. तान्ह्या मुलांना व गरोदर स्त्रियांना काय लावावे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. किडे मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहते. ती पाहून पुन्हा पुन्हा मलम चोळू नये.

हे सारे सांगणार कोण, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर याच जिल्ह्यात मिळाले होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या आणि अनेक गावकुसाबाहेरच्या. त्या वेळोवेळी जामखेडला येऊन शिकत आणि आपल्या गावी जाऊन शिकवीत. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुष्ठरोग्याला गावाबाहेर न काढता गावातच उपचार देण्याचा प्रघातही त्यांनी पाडला. मलमाचा उपचार ज्याला घराच्या आतून दिसतो, कोणाचा पंचा कोण वापरतो, किती जण एका वाकळेखाली निजतात, हे ज्याला ठाऊक असते, त्याच्यासारखा सल्लागार दुसरा नाही. आज आशा कार्यकर्ती त्या जागी उभी आहे. तिला त्वचारोगांचे एवढे शिक्षण जिल्हा परिषदेने आवर्जून द्यावे.

स्टेरॉइड मलमाची केवळ निंदाच करून थांबलो तर तोही अन्याय होईल. पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदले गेलेले गाजर गवत आज नगरच्या बांधाबांधावर माजले आहे. त्याच्या परागांनी आणि वाळक्या पानांच्या धुळीने शेतकऱ्यांच्या पापण्या, मान, कोपराचे खळगे सुजून काळवंडतात; पुण्याच्या डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ साली या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. येथे योग्य तीव्रतेचे स्टेरॉइड मलम, ठरलेल्या दिवसांपुरते, हाच मुख्य आधार असतो, आणि भीतीने ते नाकारणारा रोगी विनाकारण हाल सोसतो.

एक चट्टा असा असतो की ज्याच्यावर कोणतेही मलम चोळू नये. आसपासच्या त्वचेहून फिकट किंवा तांबूस, न खाजणारा, आणि कापसाचा बोळा फिरविला असता ज्यावर स्पर्श कळत नाही असा डाग दिसला तर तो नायटा समजून महिने घालवू नयेत; तो कुष्ठरोगाचा असू शकतो, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. कुष्ठरोगावरची बहुविध औषधे तेथे विनामूल्य मिळतात, आणि वेळीच सुरू केल्यास हाता-पायांत व्यंग येत नाही.

वाचकांना एक विनंती आहे. घरात जेवढ्या ट्यूबा पडल्या असतील तेवढ्या आज बाहेर काढा आणि बारीक अक्षरांतली नावे वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल आणि ते मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून आणलेले असेल, तर ते कोणालाही उसने देऊ नका. चेहऱ्यावर ते फार दिवस लावलेले असेल तर आपल्या मनाने एकदम थांबवूही नका. ट्यूब तिच्या खोक्यासह घेऊन तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, नगरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा लोणीच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात जा, आणि किती दिवस, कोठे व किती लावले हे डॉक्टरांना न लाजता सांगा.